अक्कांच्या पोत्यांना नंबर पडले तेव्हा

रझियाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. सकाळचे साडेसहा वाजले असतील. "कुसुमताई, अक्का गेल्या," ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठं?"

प्रश्न वेडगळ वाटेल, पण आमच्यातल्या कुणीही तेव्हा हेच विचारलं असतं. शिवलीला अक्का वर्षातनं चार-पाचदा तरी हातात पिशवी घेऊन निघायच्या. अक्कलकोटला बहिणीकडं चालले, संध्याकाळपर्यंत काही येत नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायच्या, आणि कोपऱ्यावरनं रिक्षा वळवून अर्ध्या तासात मागच्या दारानं आत यायच्या. आम्ही काम करतोय की गप्पा मारतोय, ते बघायला. रझिया फोनवर रडत होती, तरी क्षणभर माझ्या मनात आलंच, की ही बाई आत्ता येऊन उभी राहील...

आल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा त्यांना त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे बसवून ठेवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. इंडीहून त्यांची लेक सुवर्णा आली होती. येणारा जाणारा पाया पडत होता आणि अक्का ताठ बसून होत्या. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचं रडणं खरं आणि कुणाचं वरवरचं, हे त्या मोजताहेत असं वाटत राहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी पदर सारखा केला. सवय.

आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या फार मायाळू होत्या असं लिहिता येणार नाही. लिहिलंच, तर ते खोटं आहे हे त्यांनी लगेच ओळखलं असतं. माझ्या ओळखीतलं त्यांच्याएवढं संशयी माणूस दुसरं नाही. आणि त्यांच्यावर जितका संशय मी घेतला, तितका मीही दुसऱ्या कुणावर घेतलेला नाही.

भवानी पेठेत अक्कांचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा छोटा उद्योग. नवरा गेल्यावर एका चुलीवर सुरू केलेला, आता दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड आणि सात बायका. पुढच्या खोलीत ज्वारीच्या भाकरी थापायच्या, कागदासारख्या पातळ, आणि कडकडीत वाळवायच्या. शेडमध्ये रझिया शेंगदाणे भाजायची. चटणी कांडायला उखळ. मिक्सरची चटणी अक्कांच्या मते चटणीच नव्हे. आणि एक आतली खोली होती, जिथं शेंगदाण्याची पोती असत. तिची किल्ली अक्कांच्या कमरेला. आलेलं प्रत्येक पोतं त्या एकट्या, दार लावून, तपासायच्या. दाणा चोळायचा, हुंगायचा, चावायचा. अक्कांच्या नाकाची ख्याती बाजारात होती. पोत्याचं तोंड सोडायच्या आधी माल कधीचा आहे ते सांगतात, असं लोक म्हणत.

माझा त्यांचा संबंध आला तो पुण्याच्या एका कंपनीमुळं. त्या कंपनीची मोठी दुकानं आहेत, तिला सोलापूरची चटणी आणि भाकरी हवी होती. त्यांच्याकडनं चार पानांचा कागद आला. माल कुठून येतो, कोण तपासतं, कुठल्या पोत्यातला दाणा कुठल्या पाकिटात जातो, पाकीट खराब निघालं तर मागं कसं शोधणार... वर शीर्षक होतं 'सप्लाय चेन तयारी'. अक्कांना त्यातलं 'चेन' तेवढं कळलं, आणि ती आपल्या पायात पडणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं एका सरकारी औषध भांडारात काढलेली. औषधाची खोकी, त्यांचे नंबर, आधी आलेला माल आधी बाहेर, हे माझ्या अंगात भिनलेलं. रझिया माझ्या गल्लीत राहते. तिनंच मला नेलं.

अक्कांनी मला बसायला सांगितलं नाही. आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग कुठं राहता, ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. आम्हा लोकांना ती मान हलवण्याची तऱ्हा लहानपणापासून ओळखीची असते. वरनं काही नसतं, पण काय समजायचं ते समोरच्याला समजलेलं असतं. मग म्हणाल्या, पुढच्या खोलीत टेबल टाकून देते, तिथं बसून काय लिहायचं ते लिहा. आतल्या खोलीत जायचं नाही.

मी घरी येऊन मुलीला म्हटलं, नको हे काम. तिथं माझ्या सावलीचाही विटाळ होतोय. मुलगी म्हणाली, मग सोड. पण मी सोडलं नाही. पेन्शनीत भागत होतं, तेव्हा गरज म्हणूनही नव्हे. मला बघायचं होतं, ही बाई मला किती दिवस दाराबाहेर ठेवते.

काम तसं साधं होतं. आलेल्या प्रत्येक पोत्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. तिच्यावर नंबर, कुठून आलं, कधी आलं, कुणी तपासलं. भाजताना रझियानं किंवा तिच्या जोडीच्या महादेवीनं पाटीवर तोच नंबर लिहायचा. कांडताना तोच, पाकिटावर तोच. जुनं पोतं पुढं, नवं मागं. अक्कांनी पहिल्या दिवशीच विचारलं, "पोत्याला नंबर कशाला? मी ओळखते की." मी म्हटलं, तुम्ही ओळखता, कागद ओळखत नाही. त्यांना ते आवडलं नाही. महिनाभर त्या माझ्या मागं उभ्या राहून मी काय लिहिते ते बघायच्या. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, शाळा कानडीत झालेली. त्यामुळं त्या माझं लिहिलेलं संध्याकाळी सुवर्णाला फोनवर अक्षर अक्षर जुळवत वाचून दाखवायच्या, हे मला नंतर कळलं. मी कंपनीनं पाठवलेलं माणूस आहे, चटणीचं माप चोरायला आलेय, असंही त्यांनी महादेवीला सांगितलं होतं.

त्याच सुमारास चटणी परत यायला लागली. तशी ती त्याआधीही अधूनमधून येत होती, अक्का बोलत नव्हत्या एवढंच. दुकानदार सांगायचे, पंधरा दिवस चांगली राहते, मग खवट वास येतो. लसूण आणि तिखट ताजं असेतोवर सगळं झाकलं जातं. ते उतरलं की जुना दाणा बोलायला लागतो. कंपनीचा माणूस पाहणीला यायला तीन महिने होते. अशात ही तक्रार तिकडं पोचली, तर सगळं तिथंच संपलं असतं. आणि कंपनीचं सोडा, गावातली गिऱ्हाइकंही जायला लागली असती. सात घरं त्या चटणीवर होती.

अक्कांनी पहिला संशय घेतला तो करमाळ्याच्या नामदेवभाऊंवर. बारा वर्षं त्यांच्याकडनं शेंगदाणा येत होता. जुना माल मिसळतो, असा अक्कांनी ठपका ठेवला. फोनवर, सगळ्यांसमोर. नामदेवभाऊंनी एवढंच विचारलं की अक्का, तुम्हीच बघून घेता ना पोतं? यावर अक्कांनी फोन ठेवला आणि माल बंद केला. मग सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याकडनं माल सुरू झाला. चटणी परत येतच राहिली. मग संशय रझियावर आला, की गॅस वाचवायला कच्चं भाजते. रझिया दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन म्हणाली, "ताई, मैं चोर नहीं, कामचोर बी नहीं. अक्का को बोलो ना तुम." मी बोलले नाही. कारण माझा संशय वेगळाच होता.

मला वाटत होतं की अक्का स्वतःच स्वस्तातला जुना माल घेतात आणि आतल्या खोलीत दार लावून तो नव्यात मिसळतात. नाहीतर एवढं दार लावायचं कारण काय? दाराबाहेर मला ठेवायचं कारण मला माहीत होतं. पण महादेवी तर त्यांच्या नात्यातली, तिलाही आत येऊ देत नव्हत्या. मी मनाशी म्हटलं, नंबर बोलतील. औषध भांडारात मी असा एक मोठा घोळ नंबरावरनं पकडला होता. खरं सांगते, मला अक्कांना पकडायचं होतं. त्या विचारानं सकाळी पाय लवकर उचलायचे.

दोन महिन्यांत परत आलेली पाकिटं मी एकेक मागं शोधत गेले. काही नामदेवभाऊंच्या शेवटच्या पोत्यांतली निघाली, काही नव्या व्यापाऱ्याची. काही रझियानं भाजलेली, काही महादेवीनं. कुणा एकावर बोट जाईना. मग मी चिठ्ठ्या टेबलावर पसरून बसले, आणि इतके दिवस जो रकाना बघायचं मनातही आलं नव्हतं तो दिसला. 'तपासलं' या शब्दापुढं सगळीकडं अक्कांचं एकच अक्षर होतं. शि.

मला वाटलं, सापडली. मुद्दामच करते. मग आदल्या आठवड्यातली एक गोष्ट आठवली. शेडमध्ये लसणाची फोडणी करपली होती, करपका वास अख्ख्या गल्लीत पसरला होता, आणि अक्का चुलीकडं पाठ करून शांतपणे भाकरी मोजत होत्या. रझिया ओरडली तेव्हा कुठं त्या वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. परत आलेल्या मालातल्या एका पोत्याचे राहिलेले दाणे मी वाटीत घेतले. नाकाजवळ नेले तर हात लगेच लांब केला, इतके खवट. ती वाटी अक्कांपुढं ठेवली आणि म्हटलं, नव्या मालाचा नमुना आलाय, तेवढा बघा. असं करताना मला माझीच लाज वाटत होती, तेही सांगून टाकते.

अक्कांनी दाणा उचलला. साल चोळून काढली. दोन बोटांत फोडला, नाकाशी धरला, डोळे मिटले. मग चावला, सावकाश. किती वर्षांचा सराव त्या बोटांत होता... "चांगला हाय," त्या म्हणाल्या. "घ्या म्हणावं."

बहुतेक माझ्या चेहऱ्यानं सांगितलं. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं. वाटी हातात घेऊन परत एकदा नाकाशी धरली, जोरात श्वास ओढला. आणि खाली ठेवली.

"कळलं व्हय तुला," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला होता. ताप गेला, वास गेला तो आलाच नाही. चवही अर्धीच उरली, खारट, तिखट, कडू एवढंच. कुणाला सांगितलं नाही, सुवर्णालाही नाही. इतकी वर्षं दाणा हाताळलेला, रंग, वजन, फोडल्याचा आवाज यांवरनं दहातली आठ पोती बरोबर ओळखायच्या. उरलेली दोन नशिबावर. म्हणून आत दार लावून बसायच्या. कुणी बघितलं असतं तर कळलं असतं, की त्या एकाच पोत्यापाशी तासतासभर बसतात. त्या म्हणाल्या, "पयलं माज्या नाकावर भरवसा होता. ते गेलं, मग कुणावरच ऱ्हायला न्हाय."

मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटायला हवा होता. वाटला नाही. मी विचारलं, "आणि मला आत येऊ देत नव्हता, ते याच्यामुळंच?"

अक्कांनी वाटीतला एक दाणा उचलला, परत टाकला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "सुरवातीला ते बी होतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? आईनं शिकवलेलं, अंगात मुरलेलं. मग मग ते न्हाय राह्यलं. मग नुसती भ्याले होते."

त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता आणि दुसऱ्या दिवसापासून गेलेही नसते. त्या 'ते बी होतं' म्हणाल्या म्हणून मी राहिले. राग गेला असं नाही. अजूनही कधी कधी येतो. पण त्या राहण्याला मैत्री म्हणायचं की काय म्हणायचं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अक्कांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. मी ती घेतली आणि आत गेले. अंधारी, थंड खोली, पोत्यांच्या दोन रांगा. हुंगायला बसले. सतरा पोत्यांतली चार खवट निघाली.

पुढं काय करायचं ते अक्कांनीच ठरवलं. आधी रझियाला बोलावलं आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की वास मला येत न्हाय, भाजण्यात खोट नव्हती. रझिया रडली. अक्का नाही रडल्या. मग आम्ही दोघी एसटीनं करमाळ्याला गेलो. मी म्हटलं होतं, फोन करा. त्या म्हणाल्या, ठपका फोनवर ठेवला होता, माफी फोनवर कशी मागू?

नामदेवभाऊंनी चहा मागवला. अक्कांनी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं, "मग आता माज्यावर विश्वास बसला का?"

"विश्वासाचं न्हाय सांगत," अक्का म्हणाल्या. "चूक माजी हुती, ती सांगायला आले."

मला वाटलं, आता बिनसलं. पण नामदेवभाऊ हसले. म्हणाले, बरंय, माझाही तुमच्यावर बसलेला नाही. इथनं पुढं प्रत्येक पोत्यातला मूठभर दाणा पिशवीत बांधून, तोच नंबर टाकून, ते स्वतःकडं ठेवणार. आम्ही परत माल खराब म्हटलं, की ती पिशवी उघडायची. औषध भांडारात अशा राखीव नमुन्याला केवढी सही-शिक्क्याची उठाठेव असायची. इथं दोन संशयी माणसांनी एका चहात ते ठरवलं.

कंपनीची बाई आली ती तिशीतली, चष्मा लावलेली, फार न बोलणारी. तिनं आमच्या कपाटातलं एक पाकीट उचललं आणि म्हणाली, याचं पोतं दाखवा. पाकिटावरनं पाटी, पाटीवरनं चिठ्ठी, चिठ्ठीवरनं पोतं. महादेवीनं चहा आणेपर्यंत सापडलं. मग तिनं विचारलं, दाण्याची तपासणी कोण करतं? बाजारात अजून अक्कांच्याच नाकाचं नाव होतं. अक्कांनी एक 'मी' म्हटलं असतं तर चाललं असतं, मी खाली बघत उभी होते.

"नाक हिचं हाय," अक्का माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "माजं गेलं."

त्या बाईनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, एकाच माणसाच्या नाकावर सोडून चालणार नाही. दोघांनी तपासायचं, वेगवेगळं, एकमेकांना न सांगता. अक्कांचा चेहरा खुलला. कंपनी आपल्यासारखीच आहे, हे त्यांना पटलं. तेव्हापासून मी आणि रझिया दोघी तपासतो. ऑर्डर मिळाली, पण नुसत्या चटणीची. भाकऱ्या पुण्यापर्यंत जाताना फुटतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. अक्का शेवटच्या आठवड्यात पुठ्ठ्याचे डबे वरनं टाकून बघत होत्या.

पोत्यांवर भरवसा बसला म्हणून अक्का निवळल्या, असं कुणी समजू नये. रझियाला त्या हळूच विचारायच्या, कुसुमचं नाक चालतं ना गं नीट? मला विचारायच्या, रझिया सर्दीत खोटी सही करत न्हाय ना?

अक्का गेल्यावर चौदा दिवसांनी सुवर्णानं काम पुन्हा सुरू करायला सांगितलं. ती इंडीलाच राहणार, आम्ही चालवायचं. पहिल्या सकाळी मी आतली खोली झाडायला घेतली. वरच्या फळीवर, जुन्या चाळण्यांच्या मागं, झाकणाची एक बरणी होती. तिच्यात शेंगदाणे. झाकण काढलं आणि तोंड फिरवलं. कधीचे खवट दाणे. मी रझियाला हाक मारली, हे काय ठेवलंय इथं? ती पदरात तोंड घालून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

अक्का ते दाणे मुद्दाम ठेवायच्या, रझियानं सांगितलं. दर पंधरा दिवसांनी, मी यायच्या आधी, त्यातले दोन-चार दाणे एखाद्या चांगल्या पोत्याच्या वरच्या थरात टाकून ठेवायच्या. मी पकडते की नाही, ते बघायला. मी पकडायचे, पोतं बाजूला काढायला लावायचे, तर अक्का म्हणायच्या, असू दे, वरचे चार काढून टाक, बाकी चांगलंच असंल. मला वाटायचं, या बाईला अजून मालाची हाव सुटत नाही. दोन वर्षं मी त्यांच्यावर तोही संशय घेत होते.

"और मेरे को बी वैसाच," रझिया म्हणाली. "मैं एक बार चुकी तो आठ दिन बात नहीं की."

मी किती वेळा चुकले, ते मी विचारलं नाही. बरणीचं झाकण घट्ट लावलं. टाकून द्यायला उठले होते, पण मी आता त्रेसष्टची आहे, हिवाळ्यात नाक बंद असतं. बरणी रझियाच्या हातात दिली. म्हटलं, कुठं ठेवतेस ते मला सांगू नकोस.